पाण्याची वाट आणि गावाची वाट

(अचानक येणाऱ्या पुराने रस्ते व पायवाटा यांचे होणारे नुकसान : इयत्ता चौथी व पाचवीच्या परिसर अभ्यासासाठी पाठ-दिग्दर्शन)

प्रास्ताविक

डोंगराळ तालुक्यातील प्राथमिक शाळेचे कामकाज पावसाळ्यात जितके घड्याळावर, तितकेच ओढ्यावर अवलंबून असते. गावठाणातील मुले घंटेला हजर होतात. ओढ्यापलीकडील वाडीची मुले पाणी उतरेल तेव्हा येतात, आणि न उतरल्यास येत नाहीत. हजेरीपत्रकातील ही रिकामी घरे शिक्षकांच्या परिचयाची आहेत. परंतु त्या ओढ्याला तासाभरात पूर का चढतो, रस्ता दरवर्षी नेमका त्याच ठिकाणी का तुटतो, आणि तुटलेल्या वाटेवर मुलाने कसे वागावे, याचे पद्धतशीर शिक्षण वर्गात क्वचितच दिले जाते. पूर म्हटला की मोठ्या नदीचे व जलमय शहराचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. घरामागचा पऱ्या किंवा वहाळ सहसा आठवत नाही. लहान मुलाच्या जीविताला धोका असतो तो मात्र या लहान प्रवाहाचाच अधिक, कारण तो त्याच्या रोजच्या वाटेवर असतो.

प्रस्तुत पाठाचा मध्यवर्ती विचार साधा आहे. माणसाची वाट जेथे पाण्याची वाट अडविते, तेथे पूर ती मोडून टाकतो. पाण्याला जेथे पुरेशी वाट ठेवलेली असते, तेथे माणसाची वाट टिकते. हा एक विचार मुलांनी स्वतःच्या निरीक्षणाने मिळविला, तर पाठ सफल झाला असे समजावे.

पाठाचे हेतू

१. अचानक येणारा पूर व मोठ्या नदीचा सावकाश चढणारा पूर यांतील फरक मुलांना समजावा.
२. रस्ता, मोरी, फरशी, साकव व पायवाट यांची हानी कशी होते, हे त्यांना प्रयोगाने व निरीक्षणाने कळावे.
३. आपल्या घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेचा नकाशा त्यांना काढता यावा व त्यावरील धोक्याच्या जागा दाखविता याव्यात.
४. वाहते पाणी ओलांडण्याचा मोह आवरण्याची सवय त्यांच्या अंगी बाणावी.

शिक्षकांसाठी पूर्वज्ञान

पाऊस पडू लागल्यापासून साधारणतः सहा तासांच्या आत जो पूर येतो, त्यास अचानक येणारा पूर म्हणतात. ग्रामीण भाषेत याला लोंढा येणे म्हणतात, आणि तो शब्द यथार्थ आहे. थोड्या क्षेत्रावर थोड्या वेळात फार मोठा पाऊस, उभा उतार, पाणी न मुरविणारा खडक किंवा आधीच भिजून तृप्त झालेली जमीन, ही कारणे एकत्र आली म्हणजे असा पूर येतो. भारतीय हवामान विभागाच्या वर्गीकरणानुसार चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर म्हणजे अति मुसळधार, आणि २०४.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक म्हणजे अत्यंत मुसळधार पाऊस होय. ढगफुटी हा शब्द वर्तमानपत्रांत सैलपणे वापरला जातो. शास्त्रीय अर्थाने सुमारे २० ते ३० चौरस किलोमीटर क्षेत्रावर एका तासात १०० मिलिमीटर किंवा अधिक पाऊस पडला, तरच ती ढगफुटी.

या विषयासाठी रायगड जिल्ह्यातील सावित्री नदीच्या खोऱ्याचे उदाहरण घेणे सोयीचे आहे. सावित्री महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावते. हे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवर असून तेथे वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. त्याच पठारावरून पूर्वेकडे निघालेल्या कृष्णेला बंगालचा उपसागर गाठण्यासाठी अर्धा देश ओलांडावा लागतो. सावित्री मात्र पश्चिमेचा कडा उतरून पोलादपूर व महाड यांवरून बाणकोटच्या खाडीला मिळते. उंची तीच, परंतु अंतर अत्यल्प. म्हणून पश्चिमवाहिनी नद्या वेगवान असतात व त्यांचे पूर झपाट्याने चढतात. महाडजवळ गांधारी व काळ या नद्यांचे पाणीही सावित्रीला येऊन मिळते. त्याच वेळी खाडीला भरती असेल तर पाण्याला पुढे सरकण्यास जागा राहत नाही.

या खोऱ्याने अलीकडच्या काळात दोन कठोर धडे दिले आहेत. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गावरील सावित्रीचा जुना दगडी पूल पुरात कोसळला. तो १९२८ साली बांधलेला होता. एस.टी.च्या दोन गाड्या व अन्य वाहने अंधारात नदीत गेली व अनेकांचे प्राण गेले. शेजारचा नवा पूल उभा राहिला. पडलेल्या पुलाच्या जागी बांधलेला पूल जून २०१७ मध्ये वाहतुकीस खुला झाला. पुढचा रस्ता नाहीसा झाला आहे हे रात्री, पावसात, वाहनातील माणसास दिसू शकले नाही, ही बाब मुलांना आवर्जून सांगण्याजोगी आहे.

दुसरा प्रसंग जुलै २०२१ चा. २३ जुलैच्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वर येथे ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. अत्यंत मुसळधार पावसाची जी किमान मर्यादा, तिच्या जवळजवळ तिप्पट हा पाऊस होय. महाबळेश्वर व पोलादपूर यांना जोडणारा आंबेनळी घाटाचा रस्ता जागोजागी वाहून गेला व खचला. महाड शहर पाण्याखाली गेले. महाड तालुक्यातील तळीये येथे, तसेच पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर-सुतारवाडी येथे दरडी कोसळल्या. तळीये येथे मदतीस निघालेल्या पथकांना वाटेतील पूर व दरडी यांमुळे वेळेवर पोहोचता आले नाही. संकटकाळी रस्ता तुटणे म्हणजे डॉक्टर, रुग्णवाहिका, अन्न व खबर या चारही गोष्टींची वाट एकदम तुटणे होय. रस्त्याच्या हानीचा विचार केवळ खर्चाच्या आकड्यांनी करता येत नाही, तो याच कारणासाठी.

रस्ता कसा वाहून जातो

“पुराने रस्ता नेला” या एका वाक्यात अनेक निरनिराळ्या क्रिया दडलेल्या असतात. शिक्षकांना त्या वेगवेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत, म्हणजे गावातील तुटलेली जागा मुलांना दाखविताना कारणही दाखविता येईल.

(अ) मोरी तुंबणे. गावाचा रस्ता ओढा ओलांडतो तेथे मातीचा भराव घालून त्याखाली सिमेंटच्या नळ्या बसवितात. लोंढ्याबरोबर पालापाचोळा, ओंडके, पेंढा, प्लॅस्टिकच्या पिशव्या व गोटे येतात आणि नळीच्या तोंडाशी अडकतात. मग भराव हा बांध बनतो व मागे पाणी साठू लागते. भराव धरणासारखा बांधलेला नसल्याने तो फार काळ तग धरीत नाही.

(आ) भरावावरून पाणी जाणे. साठलेले पाणी रस्त्यावरून पलीकडे पडू लागले, की खालच्या बाजूची माती प्रथम सुटते. ही झीज खालून वर व पाठीमागे सरकत येते. वरचा डांबरी थर काही काळ छपरासारखा लोंबत राहतो. वरून रस्ता शाबूत दिसतो, खाली मात्र पोकळी असते. पुराच्या दुसऱ्या दिवशी अशा काठावर उभे राहणे अत्यंत धोक्याचे असते.

(इ) पाया खरवडला जाणे. पुलाच्या खांबाभोवती पाण्याला भोवरे पडतात व तळाची वाळू-माती उपसली जाते. पूर ओसरताना हा खड्डा गाळाने पुन्हा भरतो, त्यामुळे झालेली इजा वरून दिसत नाही. म्हणून पूर गेल्यावर पूल उभा आहे एवढ्यावरून तो निर्धोक आहे असे मानू नये. जाणकारांकडून तपासणी व्हावी लागते.

(ई) जोडरस्ता तुटणे. पुष्कळदा पूल किंवा साकव जागेवर राहतो आणि दोन्ही टोकांचा मातीचा भराव तेवढा जातो. दोन काठांमधील साकव धड, पण त्यावर चढण्यास वाट नाही, असे चित्र कोकणात अनेकांनी पाहिलेले असेल.

(उ) गटार बुजणे. घाटरस्त्याला डोंगराच्या अंगाने गटार असते. ते माती-दगडांनी बुजले म्हणजे डोंगराचे पाणी रस्त्यावर येते व रस्त्यालाच ओढा करून वाहू लागते. बाजूपट्टी धुपते, पाणी डांबराखाली शिरते, खडीचा थर सैल होतो आणि दरीकडील कड खचते. चार फावडी माती वेळीच न उपसल्याने पुष्कळ लांबीचा रस्ता गमवावा लागतो.

(ऊ) पायवाटा व पाणंदी. पायवाट उताराला सरळ उभी गेली असेल तर पाणी तीच वाट धरते. दोन-चार पावसाळ्यांत वाटेची घळ होते. जुन्या जाणत्या माणसांनी केलेल्या वाटा नागमोडी असतात आणि मध्ये मध्ये दगड तिरपे लावून पाणी बाजूला काढून दिलेले असते. कोकणातील चिऱ्यांच्या किंवा दगडांच्या पायऱ्यांची पाखाडी याच शहाणपणाची खूण आहे. देशावरील पाणंद दोन शेतांच्या बांधांमधून खोलगट जाते. शेतकऱ्याने बांध कोरून ती अरुंद केली, की पावसाळ्यात तिच्यात माणूस व पाणी या दोघांना पुरेल एवढी जागा उरत नाही.

केवळ पायवाटेने जोडलेल्या वस्तीची स्थिती सर्वांत नाजूक असते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा तेथवर मोटाररस्ता नव्हता. बचावपथकांना भर पावसात डोंगर चढून जावे लागले आणि यंत्रे वर नेता न आल्याने हातांनी माती उपसावी लागली.

पाण्याचे बळ : थोडे गणित

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. हे समीकरण फळ्यावर ठळक लिहावे. शाळेचे छप्पर १०० चौरस मीटर असेल व १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर त्यावर १०,००० लिटर पाणी पडते. चौथीच्या मुलांकडून हे उदाहरण सोडवून घ्यावे.

वरच्या वर्गांसाठी पुढील उदाहरण घ्यावे. वाडीच्या वरील डोंगराचे पाणलोट क्षेत्र १ चौरस किलोमीटर, म्हणजे १० लाख चौरस मीटर आहे असे समजा. एका तासात १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर त्यावर १० कोटी लिटर पाणी पडेल. त्यातील निम्मेच पाणी त्या तासात ओढ्याला आले असे धरले, तरी दर सेकंदास सुमारे १४,००० लिटर पाणी मोरीपाशी येईल. एक मीटर व्यासाच्या नळीतून सेकंदाला तीन मीटर वेगाने पाणी गेले, तर सुमारे २,४०० लिटर पाणी पलीकडे जाते. नळ्या दोन असल्या तरी पाच हजार लिटरही पुरते जात नाही. उरलेले नऊ हजार लिटर पाणी, दर सेकंदास, कोठे जाईल? हा प्रश्न विचारून शिक्षकांनी थांबावे. “रस्त्यावरून” हे उत्तर मुलांकडूनच आले पाहिजे.

वेगाचे बळही सांगावे. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला, तर समोरच्या वस्तूवरील त्याचा दाब सुमारे चौपट होतो. आणि जलशास्त्रातील एका जुन्या नियमाप्रमाणे तो हलवू शकत असलेल्या दगडाचे वजन चौसष्टपट होते. उन्हाळ्यात जो ओढा वाळूचे कण हलवितो, तोच पुरात घागरीएवढे गोटे का लोटतो, याचे उत्तर येथे आहे. सुमारे १५ सेंटिमीटर खोलीचे वेगवान पाणी प्रौढ माणसाचा तोल घालवू शकते, ३० सेंटिमीटर पाणी लहान मोटारगाडी वाहून नेऊ शकते, आणि ६० सेंटिमीटर पाण्यात मोठी वाहनेही टिकत नाहीत. पट्टीवर १५ सेंटिमीटर दाखवून ते आपल्या पायावर कोठवर येते, हे प्रत्येक मुलाने मोजून पाहावे. पोटरीच्याही खाली राहणारी ही खूण पाहिल्यावर मुलांची समजूत पक्की होते.

पाठाची मांडणी

साहित्य : पत्र्याची मोठी परात किंवा पाटी, ओली माती, बारीक खडे, पपईच्या पानांचे पोकळ देठ अथवा कळकाची पेरे, पालापाचोळा, दोन तांबे, पाणी.

प्रस्तावनेचे प्रश्न : घरून शाळेत येताना कोण कोण ओढा ओलांडून येतो? त्यावर पूल आहे की फरशी? गेल्या पावसाळ्यात शाळेत येता आले नाही असे दिवस आले का? ओढा चढला आहे हे घरी कसे कळते? या प्रश्नांची उत्तरे देण्यात वाडीवरील मुले पुढे असतील. एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारे मूल या विषयात वर्गाचे मार्गदर्शक होऊ शकते. शिक्षकांनी ही संधी दवडू नये.

प्रयोग : परातीची एक बाजू उचलून मातीचा उतार करावा व त्यात बोटाने ओढा कोरावा. ओढ्यावर आडवा मातीचा भराव घालून त्याखाली पपईचा देठ नळीसारखा बसवावा. पहिल्या वेळी तांब्याने सावकाश पाणी सोडावे. पाणी देठातून निघून जाईल व भराव टिकेल. दुसऱ्या वेळी देठाच्या तोंडाशी पालापाचोळा ठेवून पाणी एकदम ओतावे. पाणी तुंबेल, भरावावरून जाईल व भराव मागच्या बाजूने तुटेल. तिसऱ्या वेळी भराव नव्याने घालून त्यात दोन-तीन देठ बसवावेत, मधोमध भराव थोडा बसका करून त्यावर खडे दाबून बसवावेत, आणि तितकेच पाणी तितक्याच वेगाने ओतावे. बसक्या भागावरून पाणी निघून जाईल व भरावाचा बराच भाग टिकेल. फरशीचे तत्त्व हेच. फरशी पुरात पाण्याखाली जाते, पण पाणी उतरल्यावर ती सहसा जागेवर मिळते. मात्र पाणी तिच्यावरून जात असेपर्यंत ती पाण्याची वाट आहे, माणसाची नव्हे, हे वाक्य मुलांकडून वदवून घ्यावे.

प्रत्येक वेळी आधी “काय होईल?” असे विचारावे, मगच पाणी ओतावे. अंदाज चुकलेल्या मुलास हसू देऊ नये. “माती कोणत्या बाजूने आधी सुटली?” असा प्रश्न विचारून त्याला पुन्हा पाहावयास लावावे.

परिसर-फेरी : ही फेरी एप्रिल महिन्यात, ओढा कोरडा असताना, पालकांपैकी एक-दोघांना बरोबर घेऊन काढावी. पावसाळ्यात मुलांना ओढ्यावर नेऊ नये. काठच्या झाडांच्या फांद्यांत अडकलेला कचरा कोणत्या उंचीवर आहे ते पाहावे. मागील पुराची ती साक्ष असते. मोरीच्या नळ्यांत किती गाळ भरला आहे, गटार मोकळे आहे काय, साकवाच्या दोन्ही टोकांची माती कशी आहे, हे मुलांनी वहीत टिपावे. गावातील वृद्ध माणसास पाणी कोठवर आले होते ते विचारून तेथे खूण करावी. पावसाळा संपल्यावर हीच फेरी पुन्हा काढावी व दोन नोंदींची तुलना करावी.

नकाशा : फेरीनंतर मोठ्या कागदावर गावाचा नकाशा काढावा. ओढे निळ्या रेघेने, रस्ते तपकिरी रेघेने व पायवाटा तुटक रेघेने दाखवाव्यात. जेथे वाट पाणी ओलांडते तेथे लाल ठिपका द्यावा. मग प्रत्येक मुलाने आपल्या घरापासून शाळेपर्यंत बोट फिरवून लाल ठिपके मोजावेत. कोणाच्या वाटेवर एकही नसेल, कोणाच्या वाटेवर तीन असतील. शासनाच्या निकषांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत व सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी लागते. याचाच अर्थ पाचवी उत्तीर्ण झालेल्या मुलाची वाट लांबते आणि तिच्यावरील लाल ठिपके वाढण्याचा संभव असतो. हा नकाशा वर्गात टांगून ठेवावा. तो शोभेचा नसून पुढे सांगितलेल्या निर्णयासाठी आहे.

शाळा सोडण्याचा निर्णय

आकाश भरून आले की मुलांना लवकर घरी सोडावे, ही शिक्षकांची स्वाभाविक प्रवृत्ती असते. गावठाणातील मुलांबाबत ती योग्यही असते. परंतु ज्याच्या वाटेवर लाल ठिपका आहे, त्या मुलास पाऊस चालू असताना सोडणे म्हणजे ओढा चढत असताना त्याला काठावर नेऊन उभे करणे होय. घर समोर दिसत असते, आई पलीकडच्या काठावर उभी असते, पाणी गुडघ्याएवढेच भासते. अशा वेळी दहा वर्षांच्या मुलाने स्वतःला आवरावे ही अपेक्षा फार मोठी आहे. तो निर्णय मोठ्यांनी आधीच घेऊन ठेवला पाहिजे.

यासाठी पावसाळ्यापूर्वी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पुढील गोष्टी ठरवून इतिवृत्तात नोंदवाव्यात.

१. नकाशावरून मुलांच्या तीन याद्या कराव्यात : वाटेत पाणी नसलेली, भक्कम पुलावरून येणारी, व फरशी, साकव किंवा पात्रातून येणारी.
२. तिसऱ्या यादीतील मुलांना पाणी चढलेले असताना पालक किंवा नेमून दिलेली प्रौढ व्यक्ती आल्याखेरीज सोडू नये. आणि ती व्यक्ती आली तरी वाहते पाणी ओलांडू देऊ नये.
३. शाळेच्याच काठावरील कोणत्या घरी कोणते मूल थांबेल, हे पालकांच्या संमतीने ठरवावे. मुले शाळेतच थांबली तर जेवण, प्रकाश व निरोप यांची व्यवस्था कोणाकडे, हेही ठरवावे.
४. शाळेची इमारत स्वतः ओढ्याच्या पुररेषेत किंवा सुटलेल्या दरडीखाली असेल, तर थांबण्याची दुसरी जागा निश्चित करावी.
५. हवामान विभागाचे पिवळे, नारिंगी व लाल इशारे रोज पाहून फलकावर लिहावेत. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ व आणीबाणीचा ११२ हे क्रमांक दर्शनी भागात लिहून ठेवावेत.

मुलांना शिकवावयाच्या खुणा पुढीलप्रमाणे : स्वच्छ पाणी एकाएकी गढूळ होणे, काटक्या व पाने वाहून येऊ लागणे, वरच्या अंगाने घरघर ऐकू येणे. पाऊस पडत असताना ओढ्याचे पाणी अचानक कमी झाले, तर आनंद मानू नये. वर कोठेतरी प्रवाह अडला असून तो फुटून येण्याचा संभव असतो. गावात ऊन असले तरी डोंगरमाथ्यावर पाऊस असू शकतो. गढूळ पाण्याखाली रस्ता आहे की खड्डा, हे काठावरून कोणालाही सांगता येत नाही. वाहून चाललेली चप्पल, छत्री किंवा दप्तर यांच्यामागे पाण्यात उतरू नये. नवे दप्तर मिळते, हे शिक्षकांनी व पालकांनी मुलांना मोकळ्या मनाने सांगितलेले असावे.

पूर ओसरल्यानंतर

दुरुस्तीचे काम शाळेचे नाही. परंतु नोंदीचे काम शाळा उत्तम करू शकते. तुटलेल्या जागेपासून मुलांना दूर ठेवून शिक्षकांनी तारीख, ठिकाण, तुटलेल्या भागाची अंदाजे लांबी व कारण लिहावे आणि छायाचित्र घेऊन ग्रामपंचायतीस द्यावे. रस्ता कोणाच्या अखत्यारीत आहे हेही ठाऊक असावे. राज्यमार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, तर इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. अर्ज योग्य ठिकाणी गेला तर कामाला गती येते. “रस्ता खराब झाला आहे” या वाक्यापेक्षा “मोरीच्या दोन्ही नळ्या गाळाने भरल्याने भराव सुमारे सहा मीटर तुटला, त्यामुळे पलीकडील वाडीतील अकरा मुलांची वाट बंद आहे” अशा नमुन्याचे वाक्य अधिक उपयोगी पडते. शक्य असल्यास ही नोंद ग्रामसभेत वाचून दाखवावी.

त्याचप्रमाणे मे महिन्यात मोऱ्यांची तोंडे व गटारे मोकळी करण्याचे काम श्रमदानाने होण्याजोगे आहे. पाण्याचा निचरा राखणे ही रस्त्याच्या जपणुकीची पहिली पायरी असून तिला डांबर लागत नाही, फावडे व घमेले लागते.

स्वाध्याय

१. अचानक येणारा पूर व मोठ्या नदीचा पूर यांतील दोन फरक लिहा.
२. कृष्णा व सावित्री एकाच पठारावर उगम पावतात. सावित्रीचा पूर अधिक वेगाने का चढतो?
३. शाळेच्या मैदानाची लांबी व रुंदी मोजा. ६५ मिलिमीटर पाऊस पडल्यास त्यावर किती लिटर पाणी पडेल?
४. मोरी तुंबल्यावर रस्त्याच्या कोणत्या बाजूची माती आधी सुटते? प्रयोगाच्या आधारे चित्र काढा.
५. सरळ उभी पायवाट व नागमोडी पायवाट यांपैकी कोणती अधिक टिकते? कारण लिहा.
६. तुमच्या वाटेवर किती लाल ठिपके आहेत? प्रत्येक ठिकाणी पाणी चढल्यास तुम्ही काय कराल?
७. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून गावातील एका तुटलेल्या वाटेची हकिकत दहा ओळींत लिहा.

मूल्यमापन

लेखी उत्तरांना गुण द्यावेतच. पण सहाव्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक मुलाकडून तोंडी, नकाशावर बोट ठेवून ऐकावे. “मी काठावर थांबेन, मागे फिरेन व अमुक घरी जाईन” असे स्पष्ट उत्तर न देणाऱ्या मुलास पुन्हा समजावून सांगावे. वर्गातील एकही मूल या उत्तरावाचून पावसाळ्यात प्रवेश करणार नाही, याची खात्री शिक्षकांनी जूनच्या पहिल्या आठवड्यातच करून घ्यावी. त्या वेळी शाळा उघडलेली नसल्यास वाडीवर जाऊन पालकांच्या समक्ष ती करून घेणे अधिक चांगले.